आधी धृपद धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, स्वतःचं घर, बायको, दोन मुलं. गेल्या वर्षी आई गेली. वडील सोबतच राहतात, पण फारसं बोलत नाहीत. "सकाळी उठतो, पण कशासाठी उठलो ते कळत नाही. देव आहे असं वाटतं, पण त्याची-माझी ओळख नाही. आई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, मला त्यात कधी रस वाटला नाही. पुस्तकं वाचली, ध्यानाच्या ॲपवर काही महिने काढले, एक शिबिर केलं. महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. देवळात गेलो तर काहीच वाटत नाही. देवाच्या जवळ जायचं म्हणजे नक्की काय करायचं? गुरू करावा का? नोकरी सोडून काही वेगळं करावं का?"

माउली, मी फलटणचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जन्मभर तेच काम केलं, आता मुलगा बघतो. १९९३ पासून आळंदी ते पंढरपूर पायी चालतोय. २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे माउलींच्या पादुका एसटीने गेल्या, ती दोन वर्षं सोडली तर वारी चुकलेली नाही. आधी खूप वर्षं टाळकरी होतो, आता दिंडीत वीणा माझ्या गळ्यात असते. मी कीर्तनकार नाही, शास्त्र शिकलेलो नाही. जे पायाखालून गेलं आणि तोंडातून गेलं, तेवढ्यावरून सांगतो.

तुमचा प्रश्न वाचला आणि मला तुकोबांचा एक अभंग आठवला. 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव' हा. हा अभंगच मुळी एका प्रश्नाचं उत्तर आहे. संतमंडळींनी विचारलं, तुम्ही इथवर आलात कसे? स्वतःबद्दल बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून तुमचा शब्द पाळतो, असं म्हणून तुकोबा क्रमाने सांगत जातात. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. मी तो क्रम धरूनच तुम्हाला उत्तर देणार आहे, कारण मला स्वतःला त्यानेच हाताला धरून नेलं.

सुरुवात दुःखाची आहे. आईवडील गेले. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ, तुकोबांचं वय वीस-बावीस. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥' धंद्यात तूट आली, तोंड दाखवायची लाज वाटू लागली. तुमच्याकडे नोकरी आहे, घर आहे, म्हणून तुमचं दुःख लहान असं मी म्हणणार नाही. आई गेल्यावर घरातली भांडीसुद्धा वेगळी वाजतात, हे मला माहीत आहे.

आता यानंतर ते काय सांगतात ते बघा. पुढचा चरण आहे, 'देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥' देहूत घराण्याचं विठोबाचं देऊळ होतं, ते पडलं होतं. ते नीट करावं असं मनात आलं. बस, एवढंच. माझ्या जन्माचा हेतू काय, देव आहे की नाही, असला कुठलाही प्रश्न त्या चरणात नाही. पडलेली भिंत आहे आणि ती उभी करावीशी वाटणारा एक खचलेला माणूस आहे. मी हा चरण पन्नासदा म्हटला असेल, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की देवाकडे जाणारी त्यांची पहिली पायरी ही दुरुस्तीची होती. मी दुरुस्तीच्याच धंद्यातला, म्हणून कदाचित मला ते जास्त भिडलं.

तर माझा पहिला सल्ला असा: तुमच्या घरातलं भंगलेलं देऊळ शोधा. लांब जाऊ नका. तुम्हीच लिहिलंय, आई संध्याकाळी हरिपाठ म्हणायची. ती गेली आणि ते थांबलं. तिचं पुस्तक अजून घरातच कुठेतरी असेल. पानांना हळदीचे, तेलाचे डाग असतील, कडा मऊ झाल्या असतील. ते काढा. ज्ञानेश्वर माउलींच्या हरिपाठात २७ अभंग आहेत, काही प्रतींत २८ मोजतात. नुसते वाचले तर अर्ध्या तासाच्या आत होतात, चालीवर म्हटले तर थोडा जास्त वेळ. अर्थ कळला नाही तरी चालेल. पहिलाच अभंग 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी' असा आहे. तिथे क्षणभरच मागितलाय. आत या, बसा, मन एकाग्र करा, असलं काही नाही. दाराशी उभं राहा, इतकंच.

आणि हे वडिलांच्या शेजारी बसून करा. वेगळ्या खोलीत, कानात काही घालून नको. त्यांनी म्हटलं तर म्हणतील, नाही म्हटलं तर ऐकतील. त्यांच्या कानांनी इतकी वर्षं तो आवाज ऐकलाय, आणि आता त्या वेळेला घरात टीव्ही असतो किंवा काहीच नसतं. पंढरीचा देव विटेवर का उभा आहे, याची कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दाराशी आला, पुंडलिकाने वीट टाकली आणि थांब म्हणाला. देव थांबला. बापाजवळ बसलेल्या माणसासाठी थांबणारा असा आमचा देव आहे. मग देवाजवळ जायला बापापासून उठून कुठे जायचं?

तुम्ही म्हणाल, पण मला त्यात काही वाटतच नाही. मन लागत नाही. आता तुकोबांचा पुढचा चरण: 'आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥' एकादशीला कीर्तन करायला लागलो, पण सुरुवातीला चित्त त्यात नव्हतं. तुकोबा हे सांगताहेत, दुसरं कोणी नाही. ज्यांचा शब्द आज गावोगावच्या काकड्याला उठतो, त्यांचंही मन आधी लागत नव्हतं. आणि त्यांनी ते लपवलं नाही.

माझी पहिली वारी अशीच झाली. वडील माळकरी होते. ९३ च्या चैत्रात ते गेले. ज्येष्ठ लागला तशी आई म्हणाली, "दिंडीत तुझ्या बापाची जागा यंदा रिकामी राहायला नको." मी त्या वेळी देव मानत नव्हतो, भांडतही नव्हतो. तुमच्यासारखीच ओळख नव्हती. आईचा शब्द मोडवला नाही म्हणून गेलो. आळंदीला पोचलो तेव्हा दिंडीतल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने वडिलांचेच टाळ माझ्या हातात दिले. दोरी त्यांच्या घामाने काळी पडलेली. मला ठेका धरता येत नव्हता. दिवेघाट चढताना पाय भरून आले आणि मी मनात दिवस मोजत होतो, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, मग फलटण. फलटणला आलो की घरी निघून जायचं असं ठरवलं होतं. गेलो नाही. का, ते सांगतो. ते मला वाटतं तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

अभंगात पुढे येतं, 'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद । भावें चित्त शुद्ध करोनियां ॥' पुढे जे गातात त्यांचं धृपद धरायचं. ज्यांनी दिंडीतलं भजन जवळून पाहिलं नाही, त्यांना यातली गंमत कळायची नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाळकऱ्यांच्या दोन रांगा असतात, मध्ये मृदंग आणि वीणा. चाल येणारा एखादा जाणता चरण म्हणतो. चरण संपला की सगळ्यांनी मिळून धृपद उचलायचं, म्हणजे ती पुन्हा पुन्हा येणारी ओळ. नवख्याला चरण पाठ नसतात, चाल माहीत नसते, राग माहीत नसतो. पण धृपद तिसऱ्या वेळेला कुणालाही येतं. तुमचा आवाज चाळीस आवाजांत मिसळलेला असतो. तो बेसूर असला तरी चाळीसजण त्याला सांभाळून नेतात. तुमचं मन घरी, दुकानात, उधारीत भटकून येतं, आणि परत येतं तेव्हा धृपद तिथेच चाललेलं असतं. त्याला तुमच्यावाचून खोळंबा होत नाही, आणि तुम्ही परत आलात की तुमची जागाही तशीच असते.

तारखांचा हिशोब मी कधी सोडला ते आता सांगता येणार नाही. पण वाल्ह्याच्या पुढे केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की दोन तास मी स्वतःचा विचार केला नव्हता. मला काही दिसलं नाही, अंगावर काटा आला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त मी धृपदात होतो. फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्काम होता, आई भेटायला आली, भाकरी-ठेचा घेऊन आली, आणि मी तिला म्हणालो, पंढरपूरला जाऊन येतो.

ॲप आणि शिबिराबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यात ज्यांचं भलं होतं त्यांचं होवो. पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट सारखी येते, 'बरं वाटतं', 'काहीच वाटत नाही'. तुम्ही दर वेळी वाटण्याची मापं काढताय. आमच्याकडे कॉइल भरून झाली की मोटारीला वार्निश लावून भट्टीत वाळायला ठेवतात. नवीन पोरगं असलं की दर पाच मिनिटांनी भट्टीचं दार उघडून बघतं, वाळलं का. दार उघडलं की ऊब जाते. सहा महिने 'काय वाटलं' हा प्रश्नच स्वतःला विचारू नका. हरिपाठ झाला का, एवढंच विचारा. झाला असेल तर पुस्तक मिटा आणि जेवायला बसा.

पण एकट्याने किती दिवस रेटाल? धृपद धरायला पुढे गाणारा लागतो. पुण्यात राहता, मग गावोगाव हिंडायची गरज नाही. आळंदी आणि देहू तुमच्या उंबऱ्यावर आहेत. पुण्याच्या पेठांत, उपनगरांत, कुठल्या ना कुठल्या विठ्ठलमंदिरात संध्याकाळचा हरिपाठ आणि एकादशीचं भजन चालू असतं. आळंदीत १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथून शिकून गेलेले कीर्तनकार सगळ्या महाराष्ट्रभर आहेत. आणि शिकल्यासवरलेल्या माणसाने टाळकऱ्यांत उभं राहावं का, असं मनात येत असेल, तर सोनोपंत दांडेकरांचं नाव आठवा. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि तेच जन्मभर निष्ठेचे वारकरी. त्यांना एकाच वेळी दोन्ही जमलं.

महिन्याला दोन एकादश्या येतात. उपवास झेपला तर करा, नाही झेपला तर पोटाला जड होईल असं खाऊ नका, पण त्या संध्याकाळी एक तास मागच्या रांगेत जाऊन उभे राहा. पहिल्या दोन-तीन वेळेला लाज वाटेल. ही लाज फार मोठी अडचण आहे, अश्रद्धेपेक्षा मोठी. तुकोबांनी तिचाही उल्लेख केलाय: 'संतांचें सेविलें तीर्थ पायवणी । लाज नाहीं मनीं येऊं दिली ॥' दिंडीत एक रीत आहे. समोरचा वाकला की आपणही त्याच्या पायाला हात लावायचा, मग तो वयाने लहान असो, कुठल्याही जातीचा असो, अनोळखी असो. दोघंही एकमेकांना माउली म्हणतात. माझ्या दुकानात हमाली करणारा एक पोरगा एका वर्षी दुसऱ्या दिंडीत होता. लोणंदला समोर आला आणि वाकला. मालक म्हणून माझी मान ताठच राहिली, हात खाली गेला नाही. तो पुढे निघून गेला. तो क्षण मला आजही आठवतो. पुढच्या वर्षी मी त्याला शोधून काढलं आणि आधी मी वाकलो. देव आणि आपल्यामध्ये अंतर कशाचं असतं, असं कुणी विचारलं, तर मला लोणंदचा तो न वाकलेला हात दिसतो.

पुढचा चरण शरीराचा आहे. 'टाकला तो कांहीं केला उपकार । केलें हें शरीर कष्टवूनि ॥' टाकला म्हणजे साधला, जमला तेवढा. जमेल तेवढं दुसऱ्याच्या उपयोगी पडलो, शरीर झिजवून. इथे पैशाचं नाव नाही. तुमच्यासारखा नोकरदार माणूस देणगी चटकन देऊ शकतो, आणि ती द्यावीही, पण देणगीने शरीर कष्टत नाही. दिंडीत पहाटे तंबू सोडणं, पाण्याच्या टँकरवर घागरी भरणं, कुणाच्या पायाचे फोड धुणं, पालं बांधणं ही कामं कुणीतरी करतंच. वेळापूरच्या मुक्कामाला मी एका म्हातारीचे पाय गरम पाण्यात धरून बसलो होतो. ती मला माझ्या बापाच्या नावाने हाक मारत होती, तिच्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. मी सांगितलं नाही की मी तो नाही. घरी असताना 'मी कशासाठी आहे' हा प्रश्न मला रात्र रात्र छळायचा. त्या घटकेला तो कुठे गेला होता कोण जाणे. दोन पाय होते, पाणी होतं, आणि माझे हात रिकामे नव्हते.

हे घरीही करता येतं. वडिलांची नखं कापा. मजेने सांगत नाही. करून बघा.

आता नोकरीचं. इथे मला जपून बोललं पाहिजे, कारण त्याच अभंगात 'समूळ प्रपंचें वीट आला' असाही चरण आहे. तुकोबांना वीट आला हे खरंच आहे. धाकट्या भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण ते वाचून कुणी उद्या राजीनामा लिहायला बसला तर मी त्याचा हात धरेन. बाकीचे संत बघा. सावता महाराज अरणला मळ्यात राबत राहिले, आणि कांदा, मुळा, भाजी हीच माझी विठाबाई म्हणाले. सेना महाराज न्हाव्याच्या आरशा-चिमट्याची भाषा बोलतात. नरहरी महाराज स्वतःला देवाचा सोनार म्हणवतात. जनाबाई दळता-कांडता गायल्या. सगळ्यांचा देव त्यांच्या हत्यारांच्या आसपास सापडतो. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात सांगून ठेवलंय, 'तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥' आपलं कर्म हीच फुलं, त्यांनी पूजा करायची. १२९० सालचे हे शब्द आहेत आणि मी ते माझ्या वाइंडिंगच्या टेबलावर लिहून ठेवलेत.

ते का लिहून ठेवले, ते सांगतो. आमच्या धंद्यात मोटारीच्या आतलं गिऱ्हाइकाला दिसत नाही. तांब्याची तार ज्या गेजची पाहिजे, त्यापेक्षा थोडी बारीक भरली तर पैसे वाचतात. मोटार चालते. भर उन्हाळ्यात, लोड आला की जळते, आणि तेव्हा दोष लाइटीच्या चढउताराला देता येतो. मी हे केलंय. सगळ्या मोटारींत नाही, पण केलंय. सातव्या की आठव्या वारीनंतरची गोष्ट. एका शेतकऱ्याची साडेसात एचपीची मोटार समोर होती, हातात बारीक गेजची तार होती, आणि तोंडात सवयीने धृपद चाललं होतं. हात पुढे जाईना. कुणी मनाई केली नाही, आकाशवाणी झाली नाही. पण तोंडातली ओळ आणि हातातली तार एकत्र राहू शकत नव्हत्या, दोन्हींपैकी एक ठेवावी लागणार होती. मी उठून योग्य गेजची तार आणली. मागे ज्यांच्या मोटारी तशा भरल्या होत्या, त्यातले जे आठवले त्यांना बोलावून पुन्हा भरून दिल्या. दोन वर्षं ओढाताणीत गेली. 'सत्यअसत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमतां ॥' हा चरण मला तेव्हा कळला. सगळेच करतात, हे ते बहुमत.

देव जवळ आला हे कशावरून ओळखायचं, असं मला विचाराल तर मी हेच सांगेन. पूजेला बसल्यावर काय वाटतं त्यावरून नाही, तर गिऱ्हाईक बघत नसताना हात काय करतो त्यावरून. तुमच्या कामातलं मला काही कळत नाही. पण त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस असणारच. कुणी त्यातून पैसे पाठवत असेल, कुणाची औषधाची नोंद असेल, कुणाचं तिकीट असेल. तो माणूस कोण ते शोधून काढा. नाव-गाव नाही कळलं तरी त्याचा दिवस कसा असतो ते कळेल. आणि त्याला न दिसणाऱ्या जागी तुम्ही कुठल्या गेजची तार भरता ते बघा. असा विचार करूनही जर दिसलं, की या कामातून लोकांचं नुकसानच होतं, तर मग नोकरी बदलायचा विचार करा. कंटाळा आला म्हणून नको. कंटाळा नव्या नोकरीतही सोबत येतो.

गुरूंचं विचारलंत. त्याच अभंगात गुरूचा उपदेश येतो, पण कितव्या चरणात? देऊळ झालं, एकादशी झाली, पाठांतर झालं, धृपद धरून झालं, लाज सोडून झाली, शरीर कष्टवून झालं, खऱ्याखोट्याचा निवाडा मनाशी करून झाला, आणि मग 'मानियेला स्वप्नीं गुरूचा उपदेश'. शेवटाकडे. माणसं हा क्रम उलटा करतात. काही न करता आधी गुरू शोधतात, आणि मग ज्याला शोधणारी माणसंच हवी असतात असा कुणीतरी भेटतो. तुम्ही आत्ता आई गेल्याच्या दुःखात आहात, अशा वेळी जास्तच सावध राहा. जो भीती घालतो, एकट्यात बोलावतो, घरच्यांपासून तोडतो, पैसे सांगतो, त्याच्या वाऱ्याला उभे राहू नका. तुकोबांनी कीर्तनकाराला काय बजावलंय ते मापाला घ्या: 'जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें ॥' जिथे सेवा केली तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये. माळ घालायची इच्छा पुढे कधी झाली, तर तुळशीची माळ एखाद्या जुन्या, सचोटीच्या वारकऱ्याच्या हातून घालून घेता येते. त्याला खर्च नाही, घाई तर मुळीच नाही. मी स्वतः पाचव्या वारीला घातली.

देवळात काही वाटत नाही, याची खंत करू नका. पंढरपुरात आषाढीला दर्शनाची रांग इतकी लांब असते, की कितीतरी वारकरी रांगेत लागतच नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला डोकं टेकतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि परत फिरतात. तिथेच पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. त्यांना उभ्या जन्मात आत येऊ दिलं नाही. हे पाप आपल्या समाजाचं आहे, त्यावर भक्तीचं पांघरूण घालता येत नाही. साने गुरुजींनी १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडलं. मी तिथे डोकं टेकतो तेव्हा दर वेळी हे मनात येतं, की गाभाऱ्यात रोज वावरणारे कितीजण विस्मरणात गेले, आणि जो बाहेर उभा राहिला त्याचे शब्द मात्र आम्ही आत जाताना म्हणतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सकाळी उठावंसं वाटत नाही, हे कधी कधी मनाच्या आजाराचंही लक्षण असतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. दिंडीतल्या एका तरण्या पोराला आम्ही दोन वर्षं नुसतं नाम घे, नाम घे म्हणत राहिलो. त्याला औषधाची गरज होती. ती वेळेवर मिळाली, कारण त्याच्या बहिणीने आमचं ऐकलं नाही. तेव्हापासून मी हे कुणालाही सांगायचं चुकवत नाही. गोळी घेऊन हरिपाठ म्हटला तर तो कमी पोचतो असं नाही.

आणि कोरडे दिवस येतील. पहिले सहा महिने झाल्यावर, किंवा सहा वर्षांनी. मला वीसेक वारी झाल्यावर आले, थोरला जावई अपघातात गेला तेव्हा. वर्षभर टाळ हातात घेतले तरी तोंड उघडत नव्हतं. त्या दिवसांत मला तुकोबांचाच आणखी एक अभंग उपयोगी पडला, 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥' माझ्या दृष्टीने देव मेला, ज्याला असेल त्याला असो, त्याच्याशी बोलणार नाही, नाव घेणार नाही. हाही अभंगच आहे, आणि तो आम्ही गातो. रागवायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं. त्या वर्षी मी दिंडीत होतो, पण मुका होतो. कुणी मला विचारलं नाही, कुणी समजावलं नाही. फक्त माझ्या वाटचं धृपद दोन्ही बाजूंच्या टाळकऱ्यांनी उचललं.

माउलींच्या पालखीत मुक्कामाला एक पद्धत आहे, ती तुम्हाला सांगायचीच होती. संध्याकाळी समाजआरतीच्या आधी चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त बघणारे, दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवत राहायचं. मग चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, विचारतात, ऐकून घेतात. ती तक्रार ऐकून झाली की मगच पुढचं सुरू होतं. तुमचं हे पत्र मला तसंच वाटलं. सगळीकडे शांत असताना कुणीतरी टाळ वाजवत राहिलंय.

तर आज संध्याकाळी वडिलांजवळ बसून पुस्तक उघडा. येती एकादशी कधी आहे ते दिनदर्शिकेत बघा आणि घराजवळचं भजन शोधा. ज्येष्ठात पालखी निघेल. सगळी वाट चालायची सुटी मिळणार नाही, हरकत नाही. लोणंद ते फलटण चाला, मध्ये चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या सरळ रांगांमधून अश्व धावतात ते, बघायला मिळेल, तरडगावला मुक्काम होईल. नवे बूट घालून येऊ नका, पायात रुळलेल्या चपला आणा. वडिलांना चालवत नसेल तर त्यांना थेट फलटणला गाडीने आणा, आमच्या घरी थांबतील. आमची आई आता नव्वदीला आली आहे, पण हरिपाठ सगळा तोंडपाठ आहे, दोघं मिळून म्हणतील. टाळांची काळजी करू नका. माझ्याकडे एक जोडी जास्तीची आहे, दोरी तेवढी जुनी आहे.